पडद्यामागची तबकडी

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे कानसेन म्हणत. बारसं त्याने स्वतःच करून घेतलं होतं म्हणा ना! घरात भिंतभर ग्रामोफोनच्या तबकड्या, आणि कुणी मोबाइलवर गाणं लावलं की याचं तोंड वाकडं.

"हा गाण्याचा सांगाडा झाला. तबकडीत गाणारीचा श्वास ऐकू येतो."

"आणि माझी हाक तेवढी येत नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणायची.

जावई रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत कामाला. एका रविवारी दोघांची जुंपली. जावयाने सासऱ्याच्या लाडक्या तबकडीवरूनच गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं, खरखरीसकट. लेक म्हणाली, "बाबा, एकदा होऊनच जाऊ दे." तिने मध्ये पडदा ओढला. पलीकडून जावई एकच गाणं कधी तबकडीवरून, कधी कॉम्प्युटरवरून लावू लागला; आवाज दोन्हीकडे सारखाच ठेवला.

"ही तबकडी! श्वास ऐकलात?" कानसेन ताठ बसून म्हणाला.

तो कॉम्प्युटर होता. पुढच्या खेपेला तबकडीला त्याने कॉम्प्युटर ठरवलं. मग एकदा बरोबर, पुन्हा चूक. लेकीचं हसू मावळलं. "पुरे आता, चहा घेऊ."

"थांब. अजून एकदा."

शेवटी पडद्याआडून जावई म्हणाला, "बरोबर, बाबा. तबकडीच." कानसेनने लेकीकडे पाहिलं. ती खाली मान घालून पडद्याची कड चाचपत होती. खोटं बोलणं तिला लहानपणापासून जमत नसे.

दुसऱ्या दिवशी तो कान तपासून आला. कान वयाच्या मानाने उत्तम निघाले. कानांवर ढकलायचीही सोय उरली नाही.

त्यानंतर तो तबकडी लावायचा, दोन ओळी ऐकायचा आणि सुई उचलायचा.

"लावा की काहीतरी," एका संध्याकाळी बायको म्हणाली. "घर खायला उठतं हो."

"गाणं ऐकूच येत नाही गं. श्वास खरंच आहे का मीच घालतोय, तेवढंच ऐकत बसतो."

"मग घाला की! कुणाचं काय जातंय?"



वर्षअखेरीस एका हॉटेलवाल्याने सगळ्या तबकड्या नेल्या, भिंतीवर शोभेला लावायला. बायकोने रिकाम्या फळ्या पुसल्या. त्यांवर ठेवायला तिला काही सुचेना. जावई अजूनही येतो. आला की हवापाण्याचं बोलतो, आणि कानसेन मान डोलावतो.