बाईंचं कीर्तन

मी कुणाला घाबरत नाही. ही बढाई नाही, हवं तर आमच्या गावात विचारा. देवळाली प्रवराच्या आसपासच्या शाळांत माझी सगळी नोकरी झाली. ज्याचा कान कधी माझ्या हातात आला नाही असा ट्रॅक्टरवाला, दुकानदार किंवा सरपंच या भागात सापडणं अवघड आहे. निवृत्त झाल्यालाही आता बरीच वर्षं झाली, तरी मी रस्त्यानं येताना दिसले की चांगली कर्ती माणसं तोंडातली तंबाखू गुपचूप थुंकून टाकतात.

अशी मी. आणि गेल्या नाताळात चिपळ्या हातात घेऊन कीर्तनाला उभी राहिले, ती पहिलीतल्या पोरासारखी घाबरून.

नाताळात कीर्तन म्हटलं की बाहेरची माणसं चमकतात. आमच्याकडे कुणी चमकत नाही. पेटी, तबला, टाळ, पूर्वरंग, आख्यान, सगळं रीतसर असतं. आमच्या ख्रिस्ती वस्तीतलं हे कीर्तन माझा थोरला भाऊ करायचा. शेती सांभाळून, कुणाकडून काही न घेता, ऐन तारुण्यापासून. आख्यानही त्याचंच: दुष्काळात आमच्या वाडवडलांनी चर्चच्या आवारात विहीर कशी खोदली त्याचं. त्या खोदाईला सगळं गाव राबलं होतं, म्हणून कीर्तनालाही सगळं गाव येतं. आख्यानात प्रत्येकाचा कुणी ना कुणी पणजोबा असतोच.

त्याच वर्षी पावसाळ्यात दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं. नगरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आवाज काढून घ्यावा लागला. दादा घरी आला तो मुकाच. तो हातवाऱ्यांनी बोलायचा, आम्ही समजून घ्यायचो. नाताळ जवळ आला तशी चर्चच्या पंचांनी बैठक घेतली. एकानं सुचवलं, "दादांचं रेकॉर्डिंग हाय माझ्या मोबाईलमधी. स्पीकरला जोडू. त्यांचाच आवाज, त्यांचंच कीर्तन. लोकान्लाबी आवडंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दादा कोपऱ्यात बसला होता. त्यानंही मान डोलावली आणि हातातल्या टाळांची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिला.

ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. "माणूस समोर जिवंत बसलाय," मी म्हणाले, "आणि तुम्ही त्याचा आवाज डब्यातून ऐकवणार? त्यानं त्या वेळी कुठं बघायचं? काही रेकॉर्डिंग नको. कीर्तन मी करीन."

"बाई, तुम्ही?" पाळकसाहेब म्हणाले.

"हो, मी."

रागाच्या भरात माणूस काय बोलून जाईल सांगता येत नाही. घरी येईपर्यंत राग उतरला आणि आपण काय कबूल करून बसलो ते कळलं. शिकवणं वेगळं आणि कीर्तन वेगळं. वर्गात मी सांगते आणि पोरं ऐकतात, कारण पोरांना दुसरा इलाज नसतो. कीर्तनात माणसं उठून जाऊ शकतात. त्यातून माझा आवाज मोठा असला तरी गोड नाही. दादा वरच्या पट्टीत शिरायचा तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी वरच्या पट्टीत शिरले तर कुत्री भुंकतील, असं माझं मलाच वाटत होतं.

आणि मधला हार. आमच्याकडे कीर्तनकाराला हार सुरुवातीला घालत नाहीत. आधी पूर्वरंग होऊ देतात. तो रंगला तर जुना कीर्तनकार उठतो, नव्याच्या गळ्यात हार घालतो आणि मग आख्यान सुरू होतं. नाही रंगला तर पेटीवाला हळूच शेवटची प्रार्थना धरतो आणि लोक चहाला उठतात. एका पाहुण्या कीर्तनकाराच्या बाबतीत असं झालं होतं. तो बिचारा पुन्हा आमच्या गावाकडे फिरकला नाही. माझ्या बाबतीत तसं झालं तर पुढच्या वर्षी स्पीकर लागणार हे नक्की होतं, आणि दादा पुन्हा कोपऱ्यात बसणार हेही.

रोज दुपारी मी दादाच्या ओट्यावर तालमीला जायला लागले. मी उभी राहून म्हणायचे, तो बसून टाळ धरायचा. त्याचं सगळं मला पाठ होतं: कुठं थांबायचा, कुठं हात वर न्यायचा, कुठं हुंदका आणायचा. तसंच्या तसं मी करायला जायचे आणि दादा टाळ थांबवायचा. पुन्हा सुरुवात. पुन्हा टाळ बंद. चूक काय ते मला कळेना आणि हातवाऱ्यांनी त्याला ते सांगता येईना. वहिनी दळण निवडता निवडता म्हणाली, "वन्सं, ह्यान्ला पटंना झालंय वाटतं." माझ्याही मनात तेच होतं, पण ते वहिनीच्या तोंडून ऐकलं आणि फार लागलं.

शेवटी एक दिवस मी चिपळ्या खाली ठेवल्या. म्हटलं, "दादा, माझ्यानं नाही व्हायचं. पंचांना सांगते, लावा तुमचं रेकॉर्डिंग." दादानं माझ्याकडे बघितलं. चिपळ्या उचलल्या, शर्टाला पुसल्या आणि परत माझ्या हातात दिल्या. मी पुन्हा उभी राहिले.

कीर्तनाच्या संध्याकाळी चर्चचं आवार भरून गेलं. जिल्ह्यात साखर कारखाने जोरात चालू होते, ऊसतोडीची घाई होती, तरी माणसं आली होती. पुढं म्हातारी, मागं बाया, कडेला मोटरसायकली. दादा टाळ घेऊन माझ्या मागं उभा राहिला. मी सुरुवात केली. पहिली ओवी ठीक गेली. मग पूर्वरंगात, दादा जिथं आवाज चढवायचा तिथं मीही चढवला, आणि आवाज मधोमध फाटला.

दादाचा टाळ थांबला. तिथं, सगळ्यांच्या देखत.

मी मागं वळून बघितलं नाही. धीरच झाला नाही. तेवढ्यात रस्त्यानं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, कर्ण्यावर गाणं लावून. गाणं ऐकून पोरं नाचायला लागली. बाया एकमेकींशी बोलायला लागल्या. कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि त्यानं तो घेतलाही, "हां, बोल बोल, कीर्तनातच हाय" म्हणत. पुढची ओळ माझ्या डोक्यातून पार पुसली गेली. पेटीवाल्यानं भात्यावर हात ठेवला. शेवटची प्रार्थना धरायला तो निघालाच होता.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ए! हाताची घडी, तोंडावर बोट!"

आवार चिडीचूप झालं. मी बघितलं तर पहिल्या रांगेतल्या सरपंचांनी हाताची घडी घातली होती आणि बोट ओठांवर होतं. त्यांच्यामागं सोसायटीचा सेक्रेटरी, तसाच. नातवंडं मांडीवर घेतलेल्या दोन आज्या, तशाच. मोबाईलवाल्यानं फोन खिशात कोंबून बोट ओठांवर नेलं. रस्त्यावर ट्रॅक्टर थांबला, गाणं बंद झालं आणि ड्रायव्हर तिथूनच ओरडला, "चुकलं बाई!"

मग जो हशा उसळला! पाळकसाहेबही हसत होते. मला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कीर्तनात हे कुणी बोलतं का? आणि त्याच वेळी माझ्या मागं टाळ वाजायला लागला. जोरात, भरघोस, न थांबता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी दादाचं सोंग आणलं की तो टाळ थांबवायचा. मला कीर्तन येत नाही म्हणून नव्हे. मी त्याचं रेकॉर्डिंग व्हायला निघाले होते म्हणून.

मग मी पट्टी सोडली आणि शिकवायला घेतलं. प्रश्न विचारले. उत्तर चुकलं तर त्याला उभं केलं. "देव माणसाला तहान कशासाठी देतो? मागच्या रांगेनं सांगायचं!" मागच्या रांगेनं सांगितलं. गाणं आलं की मी पहिली ओळ माझ्या त्या भसाड्या आवाजात म्हणायचे आणि सगळं आवार माझ्यामागून म्हणायचं, आम्ही पाढे म्हणायचो तसं. माझा आवाज फाटला काय आणि न फाटला काय, त्या कल्लोळात कुणाला कळणार होतं? भीती कधी गेली ते मला आठवत नाही. खोटं कशाला सांगू, मला मजा यायला लागली होती.

पूर्वरंग संपला. पेटी थांबली. दादा टाळ खाली ठेवून पुढं आला. ताटातला झेंडूचा हार त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या गळ्यात घातला. त्याचे हात माझ्या खांद्यांवर जरा वेळ राहिले. मी त्याला विचारलं, "आख्यान तुझंच सांगू ना रे?" त्यानं नाही अशी मान हलवली आणि बोटानं माझ्या छातीकडे खूण केली. तुझं तू सांग.

खाली ठेवलेले टाळ उचलून त्यानं दुसऱ्या टाळकऱ्याच्या हातात दिले. स्वतः मागं गेला नाही आणि कोपऱ्यातही गेला नाही. पुढं, सरपंचांना सरकायला लावून, पहिल्या रांगेत मांडी घालून बसला. मी आख्यानाला तोंड उघडलं तेव्हा तो माझ्याकडे बघून हसत होता. हाताची घडी घातलेली, तोंडावर बोट.