सुलभाताईंचा अंगठा

ही गोष्ट सुरू झाली काही वर्षांपूर्वी. आमच्या बागवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुलभाताई रोज सकाळी गच्चीतल्या फुलाचा फोटो टाकायच्या आणि त्यात त्यांचा अंगठा हमखास यायचा. एकदा मी लिहिलं, “ताई, अंगठा छान फुललाय. खत कुठलं घालता?” सगळा ग्रुप हसला. “शेणखत, अण्णा!” म्हणत त्याही हसल्या. मग रोज कुणीतरी अंगठ्याची चौकशी करू लागलं आणि हळूहळू त्यांचे फोटो यायचे थांबले.

आज माझ्या कुंडीत पहिली जास्वंद उमलली. पोरासारखा हरखून मी मोबाइल घेऊन धावलो. पण वाऱ्यावर ती अशी डोलत होती, की एका हाताने देठ धरल्याशिवाय फोटो निघेना. निघाला, तर त्यात माझा अंगठा! मी एकटाच मोठ्याने हसलो. म्हणजे ताई रोज आमच्यासाठी फूल धरून उभ्या राहायच्या! ज्याची थट्टा केली तो हसला, की त्याला ती आवडली असं आपण धरून चालतो. चारचौघांत त्याला दुसरं करता तरी काय येतं?

फोटो ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर सुलभाताईंचं आलं, “वा अण्णा, केवढी टपोरी!”

“ताई, तेव्हाच्या थट्टेबद्दल मला माफ करा,” असं मी लिहिलं, पुसलं, आणि जोडलेल्या हातांचं चित्र तेवढं पाठवलं.