हवेच्या झडपेचा शनिवार

आमच्या लाँड्रीत सकाळी कितीही झाडा, दुपारपर्यंत चादरींची लव पुन्हा कोपऱ्यात जमलेलीच. किश्श्यांचंही तसंच आहे. जळगावच्या एमआयडीसीत आम्ही बारा बायका दवाखान्यांच्या चादरी धुतो, इस्त्री करतो. वाफ लागते ती डिझेलच्या बॉयलरची, आणि बॉयलर होता नानांकडे. नाना धुळ्याकडचे. पंचवीस वर्षं तेच काम. मी मोजणीच्या टेबलावर, बॉयलरच्या दारालगत, म्हणून बरेचसे किस्से माझ्याकडेच साठलेत.

*

बॉयलरला जाळासाठी हवा लागते. ती आत घेणारी एक झडप असते, तिला सगळे डँपर म्हणतात. तिच्या जाळीत आमची लव जाऊन बसते. म्हणून दर शनिवारी बॉयलर थंड करून नाना ती खोलायचे, ब्रशने साफ करायचे, पातं हाताने फिरवून बघायचे, खिळीवर तेलाचा थेंब सोडायचे.

एका थंडीत शोभाला वाटलं, हे यंत्र दारातून गार वारा ओढतं, त्यानेच आपले पाय गारठतात. तिने त्या जाळीला जुनी चादर बांधली! तासाभरात चिमणीतून काळा धूर, आणि अंगणात वाळत घातलेल्या साठ चादरींवर काजळीचे ठिपके. आम्ही साठच्या साठ पुन्हा धुतल्या. नाना रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "शोभा, तू नाक बांधून झोपस का?"

*

वर्षातून एकदा धुळ्याहून टेक्निशियन यायचा. धुरात नळी घालून मीटरवर हवा बरोबर आहे का बघायचा. नाना तोवर नुसत्या आवाजावरून डँपर लावून मोकळे झालेले असायचे, आणि मीटर दरवेळी त्यांच्याच बाजूने बोलायचा.

"नाना, तुमचे कान मला द्या, हा मीटर तुम्ही ठेवा," असं तो एकदा म्हणाला. आम्ही खूप हसलो होतो.

*

मग नाना मोबाईल बदलायला लागले. वर्षात तीन. भुसावळला दिलेली त्यांची मुलगी फोन करायची, हे जरा वेळ कानाला लावायचे, "हो, हो" म्हणायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे. आजकालचे मोबाईल कामाचे नाहीत, अशी त्यांची तक्रार.

एकदा मुलगी मला म्हणाली, "मावशी, मी रडत होते, आणि आबा हो हो म्हणत होते."

*

त्यानंतर आमची एक पद्धत पडली. शनिवारी नाना डँपर लावताना शोभा अंगणात चिमणीकडे बघत उभी राहायची. धूर काळा असला तर उशीचा अभ्रा वर धरायची, साफ झाला की खाली. दारातून नानांना ती दिसायची. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आम्ही कधी विचारलं नाही. दोन वर्षं असं चाललं. टेक्निशियनलाही कळलं नाही.

*

एका दुपारी बॉयलरमधलं पाणी कमी झालं आणि भोंगा वाजला. मी टेबलावरून उठून पळाले. नाना भोंग्याखालीच बसून शेंगा सोलत होते.

बॉयलर आपोआप बंद पडला, म्हणून निभावलं. मी खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग लाल दिव्याकडे. शेंगा तशाच पुडीत बांधल्या.

"साहेबांना सांगू नको माय," ते म्हणाले. "घरी बसलो तर मी बोलू कोणाशी?"

मी मान डोलावली. पण भिंतीपलीकडे आम्ही बाराजणी काम करतो. आठ दिवस मला जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी साहेबांकडे जाऊन मीच सांगितलं.

*

साहेबांचा विश्वास बसेना. शनिवारी स्वतः बघतो, मग ठरवू, असं म्हणून ते आले. नाना नवा शर्ट घालून आले होते. त्या दिवसासारखी डँपरची सफाई मी कधी पाहिली नाही. लवेचा एक धागा राहू दिला नाही. पातं बोटाने ढकललं की अलगद फिरत होतं. साहेब वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, "काम एक नंबर आहे हो यांचं." मला वाटलं, माझंच चुकलं.

जोडणी झाली की पहिला जाळ नाना बघत नसत. बटण माझ्याकडे सोपवून अंगणात जायचे आणि बॉयलरकडे पाठ करून उभे राहायचे. डोळ्यांनी बघितलं की कान आळशी होतात, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी साहेबांसमोर नको म्हणून शोभा अभ्रा घेऊन अंगणात आली नव्हती. नाना मात्र नेहमीसारखे गेले, चिंचेखाली पाठमोरे उभे राहिले आणि हात वर केला. मी बटण दाबलं.

पंखा घरघरला, जाळ धाडकन पेटला. आत बायकांनी बोलणं थांबवलं. साहेबांनी चष्मा काढून हातात घेतला. नाना मान जरा तिरपी करून तसेच उभे होते. एक मिनिट गेलं असेल.

मग वळून न बघता म्हणाले, "कर ना माय चालू. साहेब कव्हाना उभा शेतस."