उभे काका

काकांना खुर्चीवर बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. देवासच्या आमच्या ऑफिसात, म्हणजे स्टेशनरीच्या दुकानावरच्या एका खोलीत, तीन टेबलं आणि तीन खुर्च्या होत्या. काकांनी पहिल्याच दिवशी आपला लॅपटॉप बुटक्या लोखंडी कपाटावर ठेवला आणि उभ्यानं टायपिंग सुरू केलं. दोन ओळी लिहायच्या, खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं, एक ओळ खोडायची. माझा भागीदार हर्षद आणि मी त्यांना मागून ‘उभे काका’ म्हणायचो. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाले, “बसलं की विचार कुजतो, भिया.” ते सगळ्यांनाच भिया, म्हणजे भैया, म्हणत. मी मुलगी आहे ही गोष्ट त्यांच्या लेखी गौण होती.

तीस वर्षं त्यांनी इथल्याच एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळली होती. नोकरीसाठी साताऱ्याकडून आले आणि इथलेच झाले. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना राजीनामा दिला, कारण यंत्रं बिघडायचीच थांबली होती. मग घरी बसून, म्हणजे फेऱ्या मारत, गेम बनवायला शिकले. आम्ही मुलांना मराठी वाचायला शिकवणारा एक गेम करत होतो. मांडूच्या पडक्या महालांतून कंदील घेऊन फिरायचं, भिंतींवरची अक्षरं जुळवायची आणि शब्द मिळवायचे. हिंदी शाळांत शिकलेल्या आमच्यासारख्यांच्या घरात मराठी बोलली जाते, वाचली जात नाही. मी स्वतः त्यातलीच. काकांनी आमच्या गेमची जाहिरात कुठे पाहिली कोण जाणे, पण एके सकाळी येऊन म्हणाले, “तुमचा गेम सेव्ह होताना अडखळतो. मी बघू का?”

अडखळत होता हे खरं. धारला मंदाताई नावाच्या निवृत्त शिक्षिका तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारचा वर्ग घेत. त्यांच्याकडच्या अकरा जुन्या टॅबवर आमचा गेम चालायचा. प्रत्येक मुलाची जागा, त्याच्या कंदिलाचा रंग आणि त्यानं मिळवलेले शब्द साठवायला लागायचे. गेम इंजिनची तयार पद्धत हे सगळं इतकं ऐसपैस लिहायची की उघडता उघडता मुलं कंटाळायची. काकांनी ती बाजूला सारली. जागा म्हणजे तीन आकडे, रंग म्हणजे चार. असे साधे साधे प्रकार कसे लिहायचे आणि त्याच क्रमानं परत कसे वाचायचे, हे त्यांनी स्वतःच्या हातानं ठरवलं. प्रत्येक प्रकार हजारदा लिहून हजारदा वाचून पाहिला. मी हसले तर म्हणाले, “जे परत वाचता येत नाही ते लिहिणं नव्हे, सांडणं.”

त्यांच्या दोन सवयी मला फाजील वाटायच्या. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला ते लिखाणाच्या आवृत्तीचा आकडा टाकत, ती कुठल्या पद्धतीनं वाचायची ते कळावं म्हणून. आणि नवी फाईल लिहिण्याआधी जुनी पुसत नसत, शेजारी सरकवून ठेवत. “एक पाऊल मागे यायला जागा पाहिजे,” म्हणायचे. स्वतः मात्र एका जागी टिकत नसत. एखादी चूक सापडेना झाली की स्कूटर काढून कुठेही जात. एकदा लोहारद्याला जाऊन आले आणि पायरीवरूनच ओरडले, “सापडली!” त्यांच्या त्या तळमळीनं आम्हीही अस्वस्थ व्हायचो. खोलीत शांत बसणं म्हणजे गुन्हा वाटायचा.

एकदा काका लग्नासाठी हाटपिपल्याला गेले. मी ठरवलं, कोड जरा नीटनेटका करावा. आवृत्तीचा आकडा काढला. रंगाचे आकडे लहान केले. फाईल निम्म्यानं घटली. नवा खेळ सुरू करून पाहिला, तो उत्तम चालला. जुना सेव्ह उघडून पाहायचं काही सुचलं नाही. त्या शनिवारी गेम मंदाताईंकडे पाठवूनही दिला.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. “अगं, मुलं भिंतीच्या बाहेर उभी आहेत. सगळा काळोख. शब्दही दिसत नाहीत.” मागे कुणीतरी रडत होतं. चार महिन्यांचे रविवार होते ते. मी काकांना फोन लावला आणि सगळं भरभर सांगितलं. ते म्हणाले, “टॅब बंद करायला सांग. कुणीही दुसऱ्यांदा उघडायचा नाही. दुसऱ्यांदा उघडला की गेम पुन्हा सेव्ह होईल आणि शेजारची जुनी फाईलही जाईल. मी स्टँडवर येतो.”

इंदूरला बस बदलून आम्ही धारला गेलो. जागा रिकामी असूनही काका दांड्याला धरून उभे होते आणि मी खिडकीशी बसून नखं खात होते. एवढ्या वाटेत ते एकदाच बोलले. “तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. तुझीच आहे.” मी मान हलवली. विचित्र वाटेल, पण त्यानं जरा बरं वाटलं.

हॉलच्या खिडकीच्या कट्ट्यावर लॅपटॉप ठेवून ते एकेक टॅब जोडत गेले. शेजारची फाईल उचलायची, जुन्या क्रमानं वाचायची, नव्या क्रमानं लिहायची. कंदील एकेक करून परत लागत होते. नऊ टॅब झाले. उरलेले दोन मुलांनी पुन्हा पुन्हा उघडून पाहिले होते. त्यांत काहीच उरलं नव्हतं.

मंदाताईंनी त्या टॅबवरच्या दोघा मुलांना घरून बोलावलं. आर्य फारसा खेळलाच नव्हता, त्यानं खांदे उडवले. ईशा मात्र दाराशीच थांबली. “ही वर्गात तोंड उघडत नाही,” मंदाताई हळूच म्हणाल्या. “टॅबवरच काय ते वाचते.”

मी पुढे होऊन म्हणाले, “ईशा, तुझे शब्द माझ्यामुळे गेले. सॉरी.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग काकांकडे. “पण मला येतात ना,” ती म्हणाली. “गेम को नहीं आते तो क्या हुआ?”

काकांनी लॅपटॉप कट्ट्यावरून उचलला आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. “बोल, भिया. मी लिहून घेतो.”

ती बोलू लागली. ऊन. कुलूप. विहीर. चिमणी. पायरी. आधी भिंतीकडे बघत, मग काकांच्या बोटांकडे बघत. काका टायपिंग करत होते आणि मध्ये एकदाही उठले नाहीत. मंदाताई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. ईशानं गेममधले सगळे शब्द सांगितले, वर गेममध्ये नसलेले सहा सांगितले. काकांनी तेही घातले.

नंतर आवृत्तीचा आकडा मी परत घातला आणि जुने सेव्ह वाचणारा भागही मीच लिहिला. काकांनी तो तपासला आणि एकही ओळ न खोडता खिडकीकडे गेले. पुढे गेम आणखी तीन वर्गांत गेला. कुठे काही मोडेना. तेव्हाच मला ओळखायला हवं होतं. एका सोमवारी त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

“का पण, काका?”

“आता हे चालतं. चालणाऱ्या गोष्टीजवळ मला करमत नाही.”

मी रागावले होते. नीट निरोपही दिला नाही. ते नाशिककडे मुलाजवळ गेले, तिथे द्राक्षबागांतल्या पंपांची यंत्रं दुरुस्त करत हिंडतात, एवढं हर्षदकडून कळलं. गेल्या थंडीत अशाच एका बागेत ते कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मंदाताईंना कळवायला मी फोन केला. त्या म्हणाल्या, “दर रविवारी दहाला त्यांचा फोन यायचा गं. मुलांना नवा शब्द विचारायचे. तुला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं. काकांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळपासून मी घरात येरझारा घालत होते. दहाला मंदाताईंचा नंबर लावला. पहिल्याच घंटेला कुणीतरी उचलला.

“काका?” ईशाचा आवाज होता. मंदाताईंना बहुधा अजून सांगवलं नव्हतं.

“काका नाहीत, ईशा,” मी म्हणाले. “काका गेले.”

पलीकडे मुलांची कुजबुज, सतरंजी सरकल्याचा आवाज, कुणाचं तरी नाक ओढणं. मी फोन कानाला घट्ट धरून उभी राहिले.

मग ती म्हणाली, “तो आप पूछो ना, ताई. सगळे बसलेत.”