चांगल्या कानाची तपासणी

छापखान्यात त्यांना समोर ‘बाई’ आणि माघारी ‘स्वल्पविराम’ म्हणत. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या मुद्रितशोधक म्हणून तेथे आल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. या एकतीस वर्षांपैकी शेवटची साडेतीन वर्षे त्यांनी, नेमून दिलेले काम सांभाळून, आपल्याला काही झाले आहे हे सिद्ध करण्यात घालवली. प्रस्तुत टिपण त्या साडेतीन वर्षांपुरते आहे. उरलेल्या काळात त्यांनी कोणाला त्रास दिल्याची नोंद नाही.

आरंभ भूगोलाच्या एका क्रमिक पुस्तकावर झाला. वाचताना डोळे ओळीवरून सरकले की बाईंच्या उजव्या कानात बारीक खरखर होई. ओळ संपून ते मागे आले की एकच लांब ‘खर्र’. बाईंनी प्रथम पंख्याकडे आणि मग जोडीदाराकडे संशयाने पाहिले. जोडीदार म्हणजे हस्तलिखित विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचणारे गृहस्थ. ते वाचत आणि बाई मुद्रित ताडत.

“तुम्ही काही खाजवताय का?”

“मी? बाई, माझे दोन्ही हात टेबलावर आहेत.”

“मग माझे डोळे वाजताहेत.”

“वाजू द्यात हो. पुढे घेऊ? ‘पठाराच्या पायथ्याशी, स्वल्पविराम...’”

महिन्याभरात त्यात भर पडली. स्वतःचा आवाज बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमू लागला. चालताना टाचा डोक्यात आपटू लागल्या. शेजारच्या दालनातील कागद कापण्याच्या यंत्राचा दणका झाला की समोरचे पान तिरके होई आणि बाई टेबलाची कड धरीत. व्यवस्थापकांनी सहानुभूती दाखवली. ते म्हणाले, “बाई, आजाराचं नाव लिहिलेला कागद आणा, टेबल वरच्या मजल्यावर हलवतो. नाव नसेल तर मात्र मी वरिष्ठांना काय सांगू? डोळे वाजतात म्हणून?” कागद न आल्यास मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज करावा, असेही त्यांनी सौम्यपणे सुचवले.

बाईंनी लक्षणांची यादी केली: पाच कलमे, प्रत्येकापुढे दिनांक, वेळ आणि कालावधी. ती घेऊन त्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेल्या. टेबलापलीकडे बसून त्यांनी बोट कानाला लावले आणि म्हणाल्या, “या कानात.” डॉक्टरांनी मान डोलावली, फाइल उघडली आणि लिहून घेतले.

“वय किती?”

“चौपन्न पूर्ण.”

“मग बरोबर आहे.”

काय बरोबर आहे ते त्यांनी सांगितले नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तीच फाइल चाळून पित्त सांगितले. तिसऱ्यांनी श्रवणचाचणी करवली. ती इतकी उत्तम आली की त्यांनी बाईंचे अभिनंदन केले. बाईंनी यादी पुढे केली तेव्हा ते हसले. “इतकं टापटीप लिहून आणणाऱ्या पेशंटला बहुधा काही झालेलं नसतं.” गबाळी यादी आणली असती तर कोणता रोग मिळाला असता, हे विचारणे बाईंच्या ओठांवर आले होते. चौथ्यांनी कानाच्या हाडाचे स्कॅन सांगितले. अहवालात ‘दोष नाही’ असे आल्यावर त्यांनी मन शांत राहण्याच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मन शांत झाले. खरखर त्यामुळे अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागली.

घरी यजमान पंप दुरुस्त करीत आणि जगातील प्रत्येक बिघाडाचे मूळ वॉशरमध्ये शोधीत. चार डॉक्टरांचे एकमत झालेले पाहून तेही त्यांच्या बाजूला गेले.

“चार जण सांगताहेत, काही नाही म्हणून. चौघंही खुळे?”

“चौघं नाहीत. एकानं सांगितलंय आणि तिघांनी री ओढली आहे.”

“बरं बाई. तू म्हणशील तसं. पण रात्री माझ्या घोरण्याला नावं ठेवू नकोस, ते तुझ्याच कानात असेल.”

पाचवी भेट परगावच्या एका कर्णरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंची. चार महिन्यांनी वेळ मिळाली. निवृत्तीचा अर्ज तेव्हा बाईंच्या पर्समध्ये होता. त्यावर केवळ दिनांक घालायचा राहिला होता. मदतनीस नेमकी रजेवर होती. डॉक्टरीणबाईंनी फाइल बाईंच्याच हाती दिली. “मी हात धुऊन येते. तुम्ही जरा वाचा, काही राहिलंय का बघा.”

बाई अडखळल्या. आपले मुद्रित आपण तपासू नये, हा त्यांच्या व्यवसायाचा पहिला दंडक, कारण डोळ्यांना आपलीच चूक दिसत नाही. या दंडकापायी त्यांनी तोवर स्वतःची फाइल एकदाही उघडली नव्हती. पण वाचायला सांगितले की वाचायचे, हा दंडक अधिक जुना होता. त्यांनी शेवटच्या पानापासून मागे वाचायला घेतले. तिसऱ्याच मिनिटाला त्यांनी सवयीने पेन्सिल काढली.

“डावा,” डॉक्टरीणबाई परतल्यावर त्या म्हणाल्या. “पाचही ठिकाणी ‘डावा कान’ आहे. माझा तर उजवा दुखणाईत आहे.”

“मग त्यांनी डावा तपासला तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?”

बाई ओशाळल्या. “मला वाटलं, आधी चांगल्या कानाशी ताडून बघत असतील. आमच्याकडे मूळ प्रत आधी बघतात.”

डॉक्टरीणबाईंनी फाइल पहिल्या पानापर्यंत उलटली. समोरासमोर बसलेल्या डॉक्टरांनी आपल्या डाव्या हाताला दिसलेला कान डावा म्हणून लिहिला होता. पुढच्या तिघांनी तो उतरून घेतला होता. स्कॅनचे चित्र दोन्ही कानांचे होते. अहवाल मात्र मागितलेल्या एकाच कानाचा लिहिला गेला होता. बाईंचा डावा कान कमालीचा निरोगी आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात आता दुमत उरले नव्हते.

मग डॉक्टरीणबाईंनी नादकाटा वाजवून त्याचा दांडा बाईंच्या उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवला.

“काय जाणवतंय?”

“ऐकू येतंय. उजव्या कानात.”

“घोट्यावरचं?”

“मी खोटं कशाला सांगू?”

“खोटं नाहीच. मला हेच ऐकायचं होतं.” त्यांनी चित्र प्रकाशाला धरले. आतल्या कानाच्या एका अर्धवर्तुळाकार नलिकेवरील हाडाला, मोहरीहून लहान, भोक पडले होते. त्यातून शरीरातले सारे आवाज आत शिरत. आजाराला नाव होते, ते लांबलचक होते आणि ते कागदावर लिहून मिळाले. नाव वाचताना बाईंना रडू कोसळले. ते आवरल्यावर त्यांनी पुन्हा एकदा कान कोणता लिहिला आहे ते पाहिले.

त्यानंतर जे घडले ते असे. निवृत्तीचा अर्ज फाडण्यात आला. टेबल वरच्या मजल्यावर गेले आणि बाईंनी उरलेले आठ महिने पूर्ण केले. निवृत्तीनंतर शस्त्रक्रियेने भोक बुजवण्यात आले. खरखर थांबली, पण वळताना तोल किंचित जातो. तो तसाच राहील असे सांगण्यात आले आहे. चारही डॉक्टरांना बाईंनी एकेक शुद्धिपत्र टपालाने धाडले: ‘डावा’ ऐवजी ‘उजवा’ असे वाचावे. तिघांकडून पोच नाही. पहिल्या डॉक्टरांनी उत्तर दिले आणि डाव्या कानाची काळजी घेण्यास कळवले.

यजमानांनी चूक कबूल करणे बाकी आहे. ते पाहुण्यांना सांगतात, “मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, कुठंतरी गळती आहे.”