बारा मिनिटं आधी मंद होणारा तारा

काका पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून होते. आवक, जावक, शिक्का, सही; चौतीस वर्षं हेच. पण घरच्या कपाटात त्यांच्या सोळा वह्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच ताऱ्याच्या होत्या.

हा तारा खरं तर एक नाही, दोन आहेत. ते एकमेकांभोवती फिरतात आणि दर दोन दिवस वीस तासांनी त्यातला मिणमिणता तारा तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो. मग काही तास तारा मलूल दिसतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. काका गॅलरीत खुर्ची टाकून बसत, शेजारच्या ताऱ्यांशी त्याचं तेज ताडून बघत आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत. वेळ बघायला मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. मनगटी घड्याळ ते घालत नसत, पट्ट्याने पुरळ उठायचं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. मी त्यांचा पुतण्या, पोटापाण्यासाठी प्रोग्रॅम लिहितो. एरवी ते 'बरंय ना सगळं' याच्यापुढे जात नाहीत. या वेळी म्हणाले, तारा गेली पाच वर्षं वेळेआधी मंद होतोय असा त्यांना संशय आहे. पडताळून देशील का? हौशी निरीक्षकांच्या मंडळाचा वार्षिक अंक निघणार होता आणि महिनाअखेर टिपण द्यायचं होतं. सोळा वर्षांत त्यांनी मंडळाला काहीच पाठवलं नव्हतं. सांगण्यासारखं असेल तेव्हाच तोंड उघडायचं, हा त्यांचा स्वभाव. आता सांगण्यासारखं होतं.

रविवारी गेलो. जेवणाच्या टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर वह्या रचलेल्या. ओट्यावर एकच कप पालथा. काकू पाच वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या, दोन महिन्यांसाठी. जुळी झाली. मग दोन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची पाच झाली. भांडण नाही, तंटा नाही. तिकडे गरज होती आणि इकडे भागत होतं.

काका आकडे वाचत गेले, मी टाइप करत गेलो. तीन रविवार लागले. आवाज चढू-उतरू न देता वाचायचे, जणू साहेबांना पत्र वाचून दाखवताहेत. मध्येच थांबून विचारायचे, "घेतलंस?" मी हो म्हटल्यावरच पुढचा आकडा. प्रोग्रॅम तसा साधा होता. त्या त्या दिवशी तारा सगळ्यात मंद कधी झाला तो क्षण काढायचा, हिशेबाने कधी व्हायला हवा होता ते काढायचं, आणि दोन्हीतला फरक ठिपक्याने मांडायचा.

तिसऱ्या रविवारी दुपारी आलेख पडद्यावर आला. पहिली अकरा वर्षं ठिपके शून्याच्या आसपास. मग एकदम खाली, बारा मिनिटं आधी, आणि पुढे पाच वर्षं तिथेच.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" काका म्हणाले आणि टिपणाचा कागद पुढे ओढला. शीर्षक आधीच लिहिलेलं होतं.

मला मात्र ते बरं दिसेना. ताऱ्यांची फिरण्याची गती बदलली असती, तर फरक दर फेरीला साठत गेला असता, ठिपके उतारावरून घसरल्यासारखे दिसले असते. इथे चक्क पायरी होती. आमच्या कामात अशी पायरी दिसली की आधी मोजणाऱ्या यंत्राकडे बघतात. मी विचारलं, त्या सुमारास काही बदललं होतं का? त्यांनी वही चाळली. काही नाही. काकू गेल्या, आणि पंधरा दिवसांनी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपला, तो त्यांनी बदलला. वेळ मोबाइलवरून लावली.

"आणि त्याआधी कोण लावायचं?"

त्यांनी काकूंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि घड्याळाचं विचारलं. मागे मुलांचा कालवा चालू होता.

"अहो, मी पुढेच ठेवायचे ते," काकू म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही वेळेवर निघाला असतात का कधी?"

काका मग हळूच म्हणाले, "मी अकरा वर्षं ऑफिसच्या घड्याळाला नावं ठेवली. मागे पडतं म्हणून शिपायाला बोलायचो."

"मग? काय म्हणायचा तो?"

"हसायचा."

काकूही हसल्या. मी घाईने विचारलं, नक्की किती पुढे? बारा मिनिटं निघाली की एका ओळीत सगळं दुरुस्त करता येणार होतं. त्या म्हणाल्या, असं नक्की काही नव्हतं. कधी दहा, कधी पंधरा. यांना सवय झाली की थोडं आणखी सरकवायचं.

म्हणजे ती अकरा वर्षं दुरुस्तही करता येणार नव्हती. काकांनी टिपणाचा कागद घडी करून वहीत ठेवला. मग ते गॅलरीत गेले आणि बराच वेळ समोरच्या इमारतीकडे बघत उभे राहिले.  काहीतरी करायचं म्हणून मी गणित उलटं फिरवलं. तारा वेळेचा पक्का आहेच, मग त्यालाच घड्याळ मानलं तर? ताऱ्यावरून भिंतीवरचं घड्याळ किती पुढे होतं ते काढलं. शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी घेतली, तेव्हा ठिपक्यांचं जे थोडं वरखाली होणं डोळ्यांचा दोष समजत होतो त्यातून लहान लहान पायऱ्या वर आल्या. दहा. तेरा. पुन्हा दहा. एके ठिकाणी, फक्त सात आठवडे, वीस.

काका आत येऊन माझ्या पाठीशी कधी उभे राहिले ते कळलं नाही. प्रत्येक पायरीची तारीख त्यांनी विचारून घेतली आणि जावक रजिस्टरच्या टापटिपीने नव्या पानावर उतरवायला सुरुवात केली. मंडळाला फक्त शेवटच्या पाच वर्षांचे आकडे पाठवायचे ठरले. त्यात नवीन काही नव्हतं. तारा अगदी वेळेवर होता. टिपण रद्द.

मी लॅपटॉप बंद करत होतो तेव्हा त्यांनी पुन्हा काकूंना फोन लावला आणि पानावरची एक तारीख वाचून दाखवली.

"त्या वर्षी सात आठवडे तू घड्याळ वीस मिनिटं पुढे ठेवलं होतंस. काय होतं गं तेव्हा?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "एवढं कुठलं आठवतंय आता," काकू म्हणाल्या. "मुलांचं जेवण व्हायचंय. ठेवू?"

"हो, ठेव," काका म्हणाले. मग वीसच्या पुढची कारणाची जागा कोरी ठेवून त्यांनी खालची तारीख लिहायला घेतली.