शस्त्रागाराची किल्ली

एकोणिसाव्या वर्षी मी इंग्लंडच्या राखीव फौजेत नाव घातलं, तेव्हा आई तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. फौज म्हणजे काय, तर आठवडाभर बँकेत नोकरी, मंगळवारी संध्याकाळी कवायत आणि वीकेंडला चिखलात लोळणं. पण आईच्या डोक्यात एकच किडा: इथे दंगल झाली तर हे गोरे लोक पोराला बंदूक देऊन आपल्याच माणसांवर धाडतील.

त्यावर तिने आपला उपाय काढला. आमच्या कॅप्टनना घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळी, वर तुपाची धार. माणूस भरपेट जेवल्यावर मला दुभाषा करून तिने तो प्रश्न टाकला. कॅप्टन म्हणाले, कायदाच तसं करू देत नाही. आम्हाला देशावर संकट आलं तरच बोलावतात, रस्त्यावरच्या दंग्यासाठी नाही. आई निश्चिंत झाली. आपल्या घरी जेवलेला माणूस फसवत नाही, असं ती धरूनच चालायची. खरं सांगतो, मीही.

दोन वर्षांनी, ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, आमच्याच, देशी वस्तीच्या भागात दंगल पेटली. दुकानं फुटली, गाड्या जळाल्या. मंगळवारी मी नेहमीसारखा ड्रिल हॉलवर गेलो. शस्त्रागाराची किल्ली गेलं वर्षभर माझ्याकडे असायची, त्याचा मला केवढा तोरा! दंगेखोर बंदुकांसाठी इथे घुसतील म्हणून पहारा बसणार होता. पहाऱ्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. कॅप्टननी मला बाजूला घेऊन हात पुढे केला.

"किल्ली दे. तू त्या भागातला आहेस, समजून घे."

समजून काय घेऊ, कपाळ! माझ्यावर काडीचा भरवसा नाही, आणि वर समजून मीच घ्यायचं. माझ्या देखत किल्ली माझ्या मागून भरती झालेल्याच्या हातात गेली. तळपायाची आग मस्तकात गेली, पण तक्रार कशाची करणार? कायदा मोडला नव्हता, शब्दही मोडला नव्हता. मला आमच्या लोकांवर धाडलं नाही. दंगेखोरांत तेवढं जमा केलं.

घरी आलो तर आई दारातच. बोलावलं का, म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर तिने देवापुढची साखर माझ्या हातावर ठेवली.

"बघ, खाल्ल्या मिठाला जागला माणूस."

मी साखर खाल्ली.

दिवाळीत तिने कॅप्टनसाठी करंज्यांचा डबा दिला. त्याच दिवशी मी गणवेश परत करायला निघालो होतो. दोन्ही त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी आधी डबा उघडला.